लेबलावरचं जांभूळ

अक्कांच्या मधाला कुणीतरी साखरेचा पाक म्हटलं, तेव्हा मी जयनगरच्या घरात भरली वांगी करत होते. फोनवर मेसेज आला, मी तो वाचला, पुन्हा वाचला आणि तेवढ्यात वांगी करपली. जेवताना नवरा म्हणाला, "आज जरा वेगळीच चव आलीय नाही?" मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचे घास त्यानं मुकाट्यानं गिळले.

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. माझ्या सासरची मंडळी तीनचारशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आली आणि इकडचीच होऊन गेली. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलंय की लग्न होऊन मी कोल्हापूरहून आले, तेव्हा पहिले सहा महिने मला निम्मं बोलणं कळायचंच नाही. नणंदेला वन्सं म्हणायला गेले तर सगळे हसले. मग मीही इतरांसारखं अक्का म्हणायला लागले.

यजमान गेल्यापासून अक्का देवनहळ्ळीच्या पलीकडे दोन एकरांच्या तुकड्यावर एकट्या राहतात. सत्तरी ओलांडली, गुडघे दुखतात, पण सातेरी मधमाश्यांच्या वीस पेट्या त्या स्वतः सांभाळतात. मध विकायची त्यांची जागा एकच. व्हाइटफील्डच्या एका मोठ्या सोसायटीत दर रविवारी बाजार भरतो, तिथलं एक टेबल. ते टेबल गेलं तर पेट्या परवडणार नाहीत, पेट्या गेल्या तर त्या जागेवर एकटीनं राहायला काही कारण उरणार नाही, आणि मग भावाकडे येऊन राहायचं. भाऊ म्हणजे माझा नवरा. तो कधीचा म्हणतोय, या म्हणून. आमच्याकडे खोली रिकामी आहे, पण त्या खोलीचं नाव काढलं तरी अक्कांचं तोंड उतरायचं. मी त्यांच्या जागी असते तर माझंही उतरलं असतं.

टेबलासाठी फोन नंबर माझाच दिलेला होता. आणि आता बाजार-कमिटीच्या मॅडमनी लिहिलं होतं की मधात भेसळ असल्याची तक्रार आहे, रविवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर टेबल रद्द.

मी लगेच फोन लावला. मॅडम पुण्याच्या, त्यामुळे बोलणं मराठीतच झालं, म्हणजे जितकं होतं तितकं.

"काकू, प्लीज पर्सनली घेऊ नका, पण रेसिडेंटनी फोटो पाठवलाय. बाटलीच्या तळाशी साखर बसलीय."

"ती साखर नाही. मध रवाळ झालाय. खरा मधसुद्धा गारठ्यात रवाळ होतो. बाटली ठेवली कुठे होती त्यांनी?"

"फ्रिजमध्ये."

"मध फ्रिजमध्ये? मग लोणचं ओव्हनमध्ये ठेवायला सांगा त्यांना!"

"काकू, तुम्ही चिडताय."

"चिडतेय म्हणजे? चिडलेच आहे! एका बाईला तुम्ही चोर म्हणताय आणि मी काय आरती ओवाळू? पुरावा पाहिजे ना? देते. असा देते की बघत राहाल."

फोन मी टेबलावर आपटला. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "अक्कांना विचारलंस का आधी?" मी म्हटलं, "त्यांना कशाला विचारायचं? पुरावा बाटलीत आहे."

आणि तो होताच. इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी एकतीस वर्षं तांत्रिक साहाय्यक होते. काम एकच, परागकण बघायचे. हुद्दा साहाय्यकाचा, डोळे माझे, आणि छापलेल्या लेखांवर नावं साहेबांची. असो, ती खदखद वेगळी. सांगायचं ते हे, की माशी फुलात शिरते ती गोडाच्या ओढीनं, पण निघते ती परागानं माखून. त्यातले थोडे कण मधात उतरतात आणि बाटलीपर्यंत येतात. प्रत्येक झाडाचा कण निराळा असतो. भेंडीचा मोठा गोल आणि काटेरी, मक्याचा गुळगुळीत, लाजाळूचा इतका बारीक की चार-चार कण एकमेकांना चिकटून असतात. मधाचा थेंब नीट बघितला तर माशी कुठकुठल्या फुलांवर जाऊन आली ते कळतं. आणि नुसता साखरेचा पाक असेल तर त्यात बघण्यासारखं काहीच सापडत नाही.

निवृत्त होताना संस्था भंगारात काढत होती ते एक जुनं सूक्ष्मदर्शक आणि हातानं फिरवायचं एक यंत्र मी रीतसर लिलावात घेतलं होतं. यंत्राला शिकंजा असतो, तो टेबलाच्या कडेला आवळायचा, नळ्या अडकवायच्या आणि दांडा गरगर फिरवायचा, की जड कण तळाला बसतात. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेला त्याचे दोन वळ कायमचे उमटलेत. त्या दुपारी मी अक्कांच्या मधाची बाटली काढली, दोन चमचे मध कोमट पाण्यात विरघळवला, नळ्या भरल्या आणि दांडा फिरवायला लागले. रागात हात काय चालतो माणसाचा! नवरा म्हणाला, "टेबल उडेल." मी म्हटलं, "उडू दे."

तळाचा साका काचेवर घेतला, गुलाबी रंगाचा थेंब सोडला, झाकणकाच ठेवली आणि डोळा लावला.

कणच कण! मला अक्षरशः रडू आलं. पाक म्हणे! आणि त्यातले निम्म्याहून अधिक कण होते त्रिकोणी, कोपरे बोथट, मध्ये वळून भेटणाऱ्या रेघा. जांभळाचा कण असाच असतो. अक्कांच्या बाटलीवर लेबलसुद्धा तेच होतं, जांभळाचा मध, कानडीत आणि इंग्रजीत. 'जांभूळ!' असं मी ओरडले तेव्हा शेजारच्या बाईंनी बाल्कनीतून विचारलं, काय झालं म्हणून.

संस्थेत एक नियम होता, आणि तो नव्या मुलामुलींना मीच शिकवायचे. आधी मोजा, मग नाव ठेवा. भिंगातली बारीक मोजपट्टी कणावर आणायची, आकार लिहून घ्यायचा, ओळखीच्या नमुन्याशी ताडायचा आणि मगच तोंड उघडायचं. मी त्या दिवशी तोंड आधी उघडलं. फोन भिंगाला टेकवून फोटो काढला आणि त्या बाजाराच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे परागकण. शंभर टक्के खरा मध, शंभर टक्के जांभूळ. एकतीस वर्षं मी हेच केलं आहे.'

तासाभरात ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. मॅडमनी सगळ्यांदेखत माफी मागितली. कुणाच्या सासऱ्यांना शुगर, कुणाच्या मिस्टरांना शुगर, जांभळाचा मध म्हणजे औषधच, असं म्हणून लोकांनी धडाधड बाटल्या सांगून ठेवल्या. मी तर हवेतच होते. अक्कांना फोन करून सगळं सांगितलं, अगदी तिखटमीठ लावून. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं, आणि फोन ठेवला. मला वाटलं, भरून आलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं की रविवारी टेबलावर एक छान तक्ता लावावा. एका बाजूला अक्कांच्या मधातला कण, दुसऱ्या बाजूला झाडावरून काढलेला जांभळाचा कण, म्हणजे बोलायलाच नको कुणी. माझ्या नमुन्यांच्या लाकडी पेटीत जांभळाची काच होती, ती मी काढली आणि भिंगाखाली सरकवली.

कण लहान होता.

पुन्हा अक्कांची काच लावली. त्रिकोण तसेच, कोपरे तसेच, पण अंगानं चांगले मोठे. जांभळाची काच, अक्कांची काच, परत जांभळाची. चार वेळा केलं. मग मोजपट्टी लावली, जी आदल्या दिवशी लावायला हवी होती, आणि तीनशे कण एकेक करून मोजले. जांभूळ आणि नीलगिरी एकाच कुळातली. दोघांचे कण बहिणीबहिणी शोभावेत असे दिसतात, फरक मुख्यतः आकाराचा. संस्थेत पहिल्या महिन्यात जो फसायचा तो इथेच फसायचा आणि मी हसायचे. आता मीच फसले होते, तेही सगळ्या व्हाइटफील्डसमोर छाती पुढे काढून. बाटलीत नीलगिरी होती. बरोबर लाजाळू, एरंड, मका, नारळ, अक्कांच्या बांधावरच्या चकोताचे म्हणजे आपल्या पपनसाचे थोडे कण, कुंपणावर चढवतात त्या गुलाबी वेलाचे बरेच आणि गाजरगवत. जांभळाचा औषधाला एक कण नव्हता.

मला स्वतःची लाज वाटली. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला, तो जास्त बोचरा होता. मी चुकले, ठीक. पण लेबल कुणी लावलं?

नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ.

देवनहळ्ळीच्या पुढे गेलो तेव्हा मला रस्ताच ओळखू येईना. तीन वर्षं आम्ही दोघंही तिकडे फिरकलो नव्हतो. मध मात्र दर वर्षी खात होते. पूर्वी अक्कांच्या जागेला लागून अरुंद रस्ता होता आणि त्याच्या कडेला अक्कांची चार जांभळं, इतकी मोठी की खाली कायम जांभळा चिखल. आता तिथे चार गाड्या शेजारून जातील असा रस्ता होता. पलीकडे ले-आउट म्हणजे प्लॉट पाडलेली नवी वसाहत, कमान, कमानीवर तो गुलाबी वेल. झाडांच्या जागी काही नव्हतं. बुंधेसुद्धा उपटून नेलेले.

अक्का पेट्यांपाशी होत्या. आम्हाला बघून त्यांनी डोक्यावरची जाळी काढली आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"कळालं का गे तुला?" म्हणाल्या.

"अक्का, झाडं कधी गेली?"

"दोन वर्षं झाली. रस्ता मोठा केला की. सकाळी आले, दुपारपर्यंत आयतु, संपलं. मी उभी होते तिथंच."

"आणि लेबल?"

त्या पेटीच्या कडेवर बसल्या. "झाडं होती तेव्हा हजार छापून घेतली होती. झाडं गेली त्या वर्षी म्हटलं, उगंच फेकायची कशाला, थोडी आहेत, संपू देत. मग लोक यायचे, अम्मा, जांभळाचाच ना? शुगरला चांगला ना? मी मान हलवायची. एकदा हलवली की पुढच्या वेळी नाही कशी म्हणणार?"

माझा पारा चढला. "मी भांडले तुमच्यासाठी! नाव पणाला लावलं माझं! एकतीस वर्षं, अक्का!"

"तुला भांड म्हणून कुणी सांगितलं? विचारलंस मला? एक फोन केलास आधी?" त्याही उठून उभ्या राहिल्या. "तीन वर्षांत आलीस एकदा? आली असतीस तर डोळ्यांनीच दिसलं असतं. त्या तुझ्या यंत्राची काय गरज होती?"

खरंच होतं ते. नवऱ्यानं मध्ये तोंड घातलं, "जाऊ दे ना. गोड आहे, खरा आहे, लोकही खूश आहेत. कुणाला कळणार आहे?"

आम्ही दोघी एकदमच वळलो. "तू गप्प बस!"

त्यावर अक्कांना हसू फुटलं आणि मग मलाही. हसता हसता त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "माश्यांनी काही खोटं केलं नाही गे. जे फुललं त्यातून आणलं. खोटं मी चिकटवलं." नाक पुसून त्या आत गेल्या आणि कपडे भिजवायचं मोठं घमेलं घेऊन आल्या. "स्वल्प मदत कर. सगळी लेबलं काढायची. रविवारी मी सांगणार सगळ्यांना."

"अक्का, टेबल जाईल."

"जाऊ दे."

"मग पेट्यांचं काय? तुमचं काय?"

"ते मी बघते. खोटं सांगून टेबल ठेवलं तर दर रविवारी मान हलवत बसायचं. माझी मान दुखते आता."

दुपारभर आम्ही तिघं बाटल्या भिजवून लेबलं खरवडत होतो. नवऱ्याची नखं दुखायला लागली, पण तो हूं का चूं करत नव्हता. नवी लेबलं हातानं लिहिली, कानडीत अक्कांनी, इंग्रजीत मी. नीलगिरी, लाजाळू, एरंड, मका, नारळ, चकोत, ले-आउटवरचा गुलाबी वेल, गाजरगवत. गाजरगवताशी माझं पेन अडलं. म्हटलं, हे वाचून कोण घेईल? अक्का म्हणाल्या, "आहे ना त्यात? मग लिही."

रविवारी व्हाइटफील्डला टेबलावर मध्ये सूक्ष्मदर्शक, भोवती बाटल्या आणि पुढे आधीच रांग. शुगरवाल्यांची. मॅडम हसत आल्या. मी त्यांना बोलूच दिलं नाही. शेजारच्या साबणवाल्या मुलीकडून माइक मागून घेतला आणि हिंदीत, मग मोडक्या कानडीत सांगितलं की मध खरा आहे पण जांभळाचा नाही. ओळखण्यात चूक माझी झाली, मोजल्याशिवाय बोलले. अक्कांनी माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाल्या, "तिची चूक नंतरची. आधीची माझी. झाडं दोन वर्षांपूर्वी गेली, मी लेबल तसंच ठेवलं. आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी ऐका, मध जांभळाचा असो की कशाचा, डॉक्टरला विचारल्याशिवाय खाऊ नका. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

रांग पांगली. कुणी चिडलं, कुणी नुसतं निघून गेलं. एक आजोबा भिंगातून बघून गेले.

मॅडम आम्हाला बाजूला घेऊन गेल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "काकू, हे बोलायची काय गरज होती? सगळं सेटल झालं होतं. तुम्ही गप्प राहिला असतात तर आज सगळा मध संपला असता."

मी म्हटलं, "चार दिवसांपूर्वी तुम्हीच पुरावा मागत होतात."

"हो, पण आता रेकॉर्डवर आलं ना, की लेबल चुकीचं होतं. मला टेबल कंटिन्यू करता येणार नाही. रूल आहे."

"खरा मध खोटा म्हणून टेबल जात होतं. खोटं लेबल खरं म्हणून राहिलं. आणि खरं बोललो तर जातंय. वा रे तुमचा रूल!" माझा आवाज इतका चढला की साबणवाली मुलगी वळून बघायला लागली. अजून बरंच बोलायचं होतं मला. पण अक्कांनी माझा दंड धरला. "पुरे गे. चुकलं तर चुकलंच. टेबल त्यांचं आहे, ठेवू दे त्यांना."

त्यांनी भराभर बाटल्या खोक्यांत भरल्या. मला वाटलं, संपलं. आता त्या गाडीत बसतील आणि गावाकडे न वळता आमच्याबरोबर जयनगरला येतील. गेटमधून गाडी बाहेर पडली तशा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "थांब. इथंच, कडेला."

उतरल्या, डिकी उघडली, खोक्यावर खोकं ठेवून वर बाटल्या मांडल्या आणि हातानं लिहिलेल्या लेबलाची बाजू रस्त्याकडे केली. नीलगिरी, एरंड, गाजरगवत, सगळं ठळक. पाच मिनिटांत मॅडम गेटपर्यंत धावत आल्या.

"अक्का, प्लीज, असं सोसायटीच्या बाहेर रस्त्यावर उभं राहता येत नाही!"

अक्कांनी त्यांच्याकडे शांतपणे बघितलं. माझ्यासारखा आवाज चढवायची त्यांना कधी गरजच पडत नाही.

"रस्त्यासाठी माझी चार झाडं गेलीत, मॅडम," त्या म्हणाल्या. "रस्त्यावर मी उभी राहणारच."